शेऱ्याचा रकाना

तिसऱ्यांदा गेले तेव्हाही कुलूप.
कुलूप म्हणजे काय, कडीत ओवलेली
सायकलची जुनी चेन, तिला वाकवलेला खिळा.

नवा नियम असा आहे:
घरी तीनदा जा. तिसऱ्यांदाही कोणी नसेल
तर नावापुढे लिहा, कायम स्थलांतरित.
पूर्वी कसं होतं ते विचारू नका.
पूर्वी मी नुसती अंगणवाडीची बाई होते,
आता दुपारी एकनंतर बीएलओ,
गिरणेच्या अलीकडची भिलाटी,
अडतीस घरं, एकशे सहा नावं,
दिवाळी झाली की सगळी उसाला.

मी कागद बघते, मग अंगण बघते.
चूल पालथ्या पाटीखाली झाकलेली.
बाभळीला शेळीचं दावं तसंच,
शेळी मळ्यातल्या निंबाईकडे, निम्म्या वाट्याने.
कुडाला ताजं सारवण, चार बोटं उमटलेली.
जाताना कोण सारवतं घर?
'कायम' या शब्दाचा एकही पुरावा
मला या अंगणात सापडत नाही.

म्हणून शेऱ्यात टाकलं: आखाजीला येतील.
अ‍ॅप म्हणालं, अवैध नोंद.
खालीलपैकी एक निवडा.
मयत. स्थलांतरित. दुबार. आढळून येत नाही.

मुकादमाला फोन लावला.
कोपरगावकडे कुठल्याशा फडात
पाचट पेटल्याचा आवाज, मग रुमाबाई:
"मी शे ना बाई, जित्ती शे.
मना आवाज वळखू येत नही का?"
येतो, रुमाबाई.
अर्जाला आवाज जोडता येत नाही.

अर्ज पाठवले ट्रकवाल्या धुडकूबरोबर.
अकरा दिवसांनी परत आले, युरियाच्या पिशवीत.
एक्क्याण्णव. उरलेले पंधरा
दुसऱ्या टोळीबरोबर बेळगावच्या बाजूला गेलेत म्हणे.
तहसीलात कारकुनाने गठ्ठा सोडला आणि मागे सरकला.
मुंग्या.
अंगठ्याअंगठ्यातून मुंग्या,
शाईत रस, रसात काजळी,
नावाच्या ओळीवरून जन्मसालाकडे चाललेल्या.
"बाई, हे काय आणलंत?"
मी म्हटलं, सही आहे.
त्याने गठ्ठा टेबलाच्या कडेवर तीनदा आपटला
आणि मोजायला बसला. माणूस वाईट नव्हता.
चहा पण सांगितला. बिनसाखरेचा.

आखाजीला निंबाला झोके लागले, कुलपं निघाली.
यादी शाळेच्या भिंतीवर, खळीने डकवलेली.
रुमाबाई होती. तिचा सुपडू नव्हता.

आधीची तीन लेकरं गेली म्हणून
या चौथ्याला आईने सुपात घातलं,
शेजारणीला पसाभर दादरला विकलं
आणि दुसऱ्या दिवशी परत घेतलं.
नाव असं ठेवलं की यमाला वाटावं,
केरच आहे, पुढे जाऊ.
साठ वर्षं यम फसत आला.
जुन्या यादीत तो निघाला 'सुपडा दगडू',
आधारवर 'सुपडू दगा',
आणि जुनं जुळल्याशिवाय नवं लागत नाही,
हेही नवंच.

मी हे सगळं सांगितलं. मान खाली घालूनच सांगितलं.
तो हसला. सगळे दात तंबाखूचे.
"बरं जयं बाई. यमना कागदबी
आसाच नको जुळोत."

मला हसू येईना.
पिशवीतून नवा अर्ज काढला, गुडघ्यावर धरला.
झोक्यावरच्या पोरी गात होत्या,
त्यांतल्या दोघी यंदा अठराच्या, त्यांचेही अर्ज बाकी.
नाव लिहिलं. बापाचं लिहिलं.
जन्मतारीख, सुपडूदादा?
तो बराच वेळ घराकडे बघत राहिला.

"तारीख कोठे शे, बाई.
सूप शे आजून.
आनू का?"